दुसऱ्याच्या हातची दाढी

चष्म्याची दांडी बसवून घ्यायला साहेबराव रविवारी सकाळी पिंपरी कॅम्पात, निर्वासितांच्या वसाहतीत गेले आणि तिथल्या एका बराकीसमोर त्यांना ज्ञानदेव दिसला. तो एका म्हाताऱ्याची दाढी करत होता. खाटेवर बसलेला म्हातारा गोरा, उंच, सैल लेंगा आणि बंडी घातलेला, बहुधा सिंधी. मान मागे टाकून, डोळे मिटून त्याने आपला चेहरा ज्ञानदेवच्या हाती देऊन टाकला होता. ज्ञानदेवने डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्याच्या नाकाचा शेंडा वर उचलून धरला होता आणि उजव्या हातातला वस्तरा ओठावरच्या फेसातून अगदी हलके खाली येत होता. आसपास आणखी माणसे होती, कोणी हसत होते, कोणी वाटीत साबण घुसळत होते. पण साहेबरावांना ती माणसे असून नसल्यासारखी होती. त्यांचा चष्मा एका बाजूला दोऱ्याने कानाला अडकवलेला, तो सारखा घसरत होता, त्यामुळे खाटेवरची ती दोघे कधी स्पष्ट दिसत आणि कधी विरघळून एकच होत. भाजीच्या हातगाडीआड ते उभे राहिले. गाडीवाल्याने काय देऊ म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी नको असलेली मुळ्याची जुडी उचलली. तेवढ्यात म्हातारा कशाला तरी हसला आणि ज्ञानदेव त्याला दटावत म्हणाला, "बाबा, हसू नका. कापंल." साहेबरावांना वस्तऱ्यापेक्षा 'बाबा' हा शब्दच आधी लागला. दोन वर्षे हा मुलगा त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होता, त्यांच्या घरी जेवत होता, आणि दोन वर्षे तो त्यांना 'सर' म्हणत होता.

चष्म्याचे काम तसेच ठेवून ते परत निघाले. रेल्वेच्या फाटकाशी गाडी जाईपर्यंत थांबावे लागले. हातातल्या मुळ्यांची माती ओली होती, ती धोतराला लागली. ओव्हरटाइम आहे सर, असे ज्ञानदेवने सांगितले होते. पाऊस संपल्यापासून प्रत्येक शनिवारी संध्याकाळी तो दारात उभा राहून हेच सांगे आणि साहेबराव मोठ्या मनाने म्हणत, आधी काम बघ, पुस्तके कुठे पळून जातात का. म्हणताना आपण समजूतदार आहोत असे त्यांना वाटे. गाडी धडधडत गेली तेव्हा त्यांनी सहज आपल्या गालावरून हात फिरवला. गाल गुळगुळीत होता. सकाळी उठून, दार लावून, आरशासमोर उभे राहून त्यांनी नेहमीप्रमाणे दाढी केली होती आणि नेहमीप्रमाणे हनुवटीखाली कापून घेतले होते, कारण हल्ली आरशातला हात आणि आपला हात यांचा मेळ बसत नसे. त्या कापल्याजागी बोट गेले तसे जरा झोंबले. आपण त्या म्हाताऱ्याचा हेवा करतो आहोत, हे फाटक उघडण्याआधीच त्यांना कळले होते. एवढ्या वयात, इतके वाचून, दाढीसाठी.

रविवारची सकाळ ही त्यांची होती. म्हणजे असे ते धरून चालले होते. दारूगोळ्याच्या कारखान्यातली कारकुनी संपवून ते निवृत्त झाले, एकुलती मुलगी नीला लग्न होऊन नागपूरला गेली, आणि दत्तोबाच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांत ते, सरूबाई आणि पुस्तकांचे एक कपाट एवढेच उरले, त्याच सुमाराला शेजारच्या खोलीत कंपनीतली पोरे राहायला आली. ज्ञानदेव लातूरकडचा, आपल्यातलाच, बौद्ध. आणि त्याच्याबरोबर वर्गीस नावाचा केरळचा एक मुलगा. दोघे एकाच खात्यात मशीनवर होते. ज्ञानदेव एकदा वर्तमानपत्र मागायला आला आणि कपाटाकडे बघत राहिला. तेव्हापासून रविवारी साहेबराव त्याला वाचून दाखवू लागले. जुन्या नगरांचा इतिहास, राज्यघटनेवरची व्याख्याने, कधी प्रवासवर्णन. तो मांडी घालून ऐके. तिसऱ्या शिफ्टहून आलेला असला की त्याचे डोळे मिटत, मग तो स्वतःच दचकून म्हणे, वाचा सर, ऐकायलोय मी. साहेबराव वाचत राहत आणि मनात म्हणत, आपला आवाज एकसुरी आहे, हे आपल्याला नीलाच्या शाळेच्या दिवसांपासून ठाऊक आहे. तरी थांबवत नसे. वाचून झाल्यावर सरूबाई त्याच्यापुढे भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण ठेवी, तेव्हा मात्र त्याचे डोळे पूर्ण उघडत. तो पुस्तकांसाठी येतो की कालवणासाठी, हा प्रश्न साहेबरावांना अनेकदा पडला होता. पण त्याचे उत्तर काहीही असले तरी तो येत होता, हे खरेच होते. आता तो येत नव्हता. आणि जिथे जात होता तिथे पुस्तक नव्हते, कालवण नव्हते, एक खाट होती आणि एक म्हातारा.

घरी आल्यावर सरूबाईने मुळे हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, चष्म्याचं काय झालं. दुकान बंद होते, असे ते म्हणाले. त्यांनी पुस्तक उघडले, पण ओळी सरकत नव्हत्या; पानावर दोन बोटे दिसत होती, नाकाचा शेंडा धरलेली. ती पकड साहेबरावांच्या ओळखीची होती. ती न्हाव्याची पकड नव्हती. न्हावी अंगठा आणि तर्जनी वापरतो. ज्ञानदेवने तर्जनी आणि मधले बोट वापरले होते, साहेबरावांचे वडील वापरायचे तसे. नीरेकाठच्या त्यांच्या गावात न्हावी होता. पाटलाच्या ओसरीवर, वाण्याच्या दारात तो धोकटी घेऊन बसे, पण महारवाड्याकडे त्याचा वस्तरा येत नसे. म्हशी भादरायचा तो, पण माणसे नाही. म्हणून वाड्यातली माणसे एकमेकांची दाढी करत. बाभळीखाली दगड होता, त्यावर एकेक जण बसे. वस्तरा सगळ्यांत मिळून एकच. ज्याची दाढी झाली त्याने पुढच्याची करायची आणि ज्याने सुरुवात केली त्याची सगळ्यांत शेवटी व्हायची, म्हणजे गोल पुरा होई आणि कोणी उरत नसे. साहेबरावांना मिसरूड फुटले तेव्हा वडिलांनी त्यांना पहिल्यांदा त्या दगडावर बसवले. वडिलांच्या बोटांना तंबाखूचा आणि चुन्याचा वास होता. मान मागे टाकायला सांगितली तेव्हा बाभळीतून आभाळ दिसले आणि गळ्यावर थंडगार पात्याची धार. भीती वाटली नव्हती. नंतर वाटले होते ते वेगळेच: आपला चेहरा दुसऱ्याच्या हातात किती हलका होतो. वडील म्हणाले, आता तू जनाकाकाची कर. आणि जनाकाकाने कसलाही विचार न करता आपला गळा त्या पोरसवदा हातापुढे केला.

हे सगळे साहेबरावांनी मागे टाकले होते. टाकले होते असे नव्हे, त्यावर पाय देऊन ते वर आले होते. नोकरी लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा सेफ्टी रेझर घेतला आणि भिंतीवर टांगायचा आरसा. खडकीत एकदा सलूनमध्येही गेले. खुर्ची फिरती होती, पंखा होता, न्हाव्याने गळ्याभोवती फडके बांधून सहज विचारले, कुठल्या गावचे? साहेबरावांनी गावाचे नाव सांगितले आणि पुढचा प्रश्न येईल म्हणून मान अशी ताठ धरली की न्हावी म्हणाला, साहेब, जरा ढिले बसा. पुढचा प्रश्न आला नाही. पण ते परत कधी गेले नाहीत. तेव्हापासून दार लावून, आरशासमोर, एकट्याने. त्यात एक अभिमान होता. कोणाच्या दगडावर बसायचे नाही, कोणी शिवत नाही म्हणून नव्हे, तर आपल्यालाच नको म्हणून. त्या सलूननंतर साहेबरावांच्या चेहऱ्याला, ताप पाहण्यासाठी सरूबाईने लावलेला हात सोडला, तर कोणाचा हात लागला नव्हता, आणि आजपर्यंत त्यांच्या ते लक्षातही आले नव्हते.

तो आठवडा वाईट गेला. खोल्यांमधली भिंत अर्ध्या विटेची होती. पलीकडून वर्गीसचा ट्रान्झिस्टर, स्टोव्हचा फरफर आवाज, ज्ञानदेवचे हसणे सगळे ऐकू येई. पूर्वी ते त्याला सोबत समजत, आता पहाऱ्यावर बसल्यासारखे ऐकू लागले. तो इतका हसतो हे त्यांना माहीत नव्हते. त्यांच्यासमोर तो कधी असा हसला नव्हता. एक चामड्यावर घासल्यासारखा सपसप आवाज मध्येच येई. इतके दिवस ते समजत होते की पोरे बुटांना पॉलिश करतात. आता कळले की तो वस्तरा होता, पट्ट्यावर परजला जाणारा. मग ते त्या सिंधी म्हाताऱ्याविषयी विचार करू लागत. फाळणीत आलेला असेल, घरदार तिकडे टाकून. वाईट झाले, पण वाईट काय फक्त त्याचेच झाले का? त्याला मराठी तरी धड येत असेल का? तो ज्ञानदेवशी बोलणार काय? आणि असे काही मनात आले की त्यांना स्वतःची शिसारी येई, कारण नवख्या माणसाला दाराबाहेर ठेवणाऱ्या गावकऱ्याचा हाच सूर त्यांनी लहानपणी ऐकला होता. तरीही रात्रीच्या जेवणाआधी तोच सूर पुन्हा लागे. हे आमचे होते, असे त्यांना वाटे. तो दगड, ती बाभळ, ती दोन बोटांची पकड आमची. कोणी हात लावेना म्हणून आम्ही एकमेकांना लावला तो हात. ज्या गोष्टीची त्यांना जन्मभर लाज वाटली होती, ती या पोराने उचलून दुसऱ्याला देऊन टाकली, तेव्हा ती आपल्या मालकीची असल्यासारखी ते तिच्यासाठी जळत होते. याला काय म्हणावे, हे त्यांच्या कपाटातल्या कुठल्याच पुस्तकात नव्हते.

सोमवारी त्यांनी दाढी केली नाही. मंगळवारीही नाही. ठरवून असे काही नव्हते. सकाळी आरशासमोर उभे राहिले, रेझर उचलला आणि परत ठेवला. पांढरे खुंट वाढू लागले. चाळीतल्या शालनबाईने नगरपालिकेच्या नळावर सरूबाईला हळूच विचारले की तुमच्याकडं कुणाचं काही झालं का, सुतक आहे का. सरूबाईने घरी येऊन हंडा खाली ठेवला.

"लोकं इचारत्यात," ती म्हणाली. "काय सांगू? पुस्तक वाचता वाचता दाढी उगवली म्हणून सांगू का?"

साहेबराव म्हणाले की हाताला कापरे भरते, म्हणून जरा थांबलो आहे. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. अशा वेळी तिच्या बघण्यापुढे त्यांना नेहमी उघडे पडल्यासारखे होई. ज्याच्यासाठी ही दाढी वाढत होती तो त्यांना गुरुवारी जिन्यात भेटला. पहिल्या शिफ्टहून येत होता, हातात डबा, अंगाला तेलाचा वास. त्याने थांबून पाहिले. आता तो म्हणेल, असे त्यांना वाटले. त्याने एवढेच म्हणायचे होते की सर, बसा, मी करतो. पण तो म्हणाला की सर, तब्येत बरी न्हाई का, डॉक्टरकडं नेऊ का, मी सुट्टी टाकतो. आवाजात खरी काळजी होती. साहेबराव म्हणाले, काही नाही, बरा आहे, आणि कठडा धरून वर गेले. सुट्टी टाकायला तयार होता तो. दवाखान्यात न्यायला तयार होता. पण ते आदराचे झाले, सरांसाठी करतात ते. त्यांना ते नको होते.

शनिवारी संध्याकाळी तो ओव्हरटाइमचे सांगायला आलाच नाही. भिंतीपलीकडून सपसप आवाज मात्र येत होता. सरूबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, आणि साहेबरावांनी पाहिले की ती नेहमीपेक्षा जास्त थापते आहे. एका फडक्यात तिने लसणाची चटणी वेगळी बांधली.

"हे कोणाला?" त्यांनी विचारले.

"ज्ञानदेवला. उद्या कॅम्पात जायचाय न्हवं त्यो. म्हाताऱ्याला हातची भाकर लई आवडती म्हनं."

म्हणजे हिलाही माहीत होते. हिच्या भाकरीही तिकडे जात होत्या. साहेबराव खुर्चीत ताठ बसले. तुला कधीपासून माहीत आहे, असे त्यांनी विचारले तेव्हा ती सहजपणे म्हणाली, पहिल्यापासून. त्या म्हाताऱ्याचं नाव टेकचंद, हात थरथरतात त्याचे, लेक मुंबईला असतो, वर्गीस त्याच्याकडे रेडिओ दुरुस्तीला गेला होता तिथून ओळख झाली. मग मला ओव्हरटाइम म्हणून का सांगतो, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न नको इतका मोठ्याने निघाला. सरूबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

"तुमीच त्याला बोलला हुता. आला तवा ग्यालरीत त्या वर्गीसची दाढी करीत हुता, तर तुमी म्हनला, ह्ये आत जाऊन करा, लोकांना दाखवायचं नसतं. पोरगं लाजलं किती. तुमाला आवडत न्हाई म्हनून न्हाई सांगत."

साहेबरावांना आठवेना. मग आठवले, पण बोललेले नव्हे, फक्त ज्ञानदेवच्या हातातल्या वाटीतले पाणी हिंदकळले होते तेवढे. त्या दिवशी त्यांना वाटले होते, आपण एका तरुण मुलाला गावची लाज झटकायला शिकवतो आहोत. आता वाटले, की शिकवण्याची ही सवय नसती तर ती खाट कॅम्पात नसती, इथे गॅलरीत असती. हा विचार इतका उघडा स्वार्थी होता की ते स्वतःशीच जरा हसले, आणि हसताना वाढलेले खुंट मानेला टोचले.

रविवारी ते गेले. चष्म्याचे निमित्त तसेच होते, दांडी अजून दोऱ्याने बांधलेली. बराकीसमोर पोहोचेपर्यंत परत फिरावे असे त्यांना प्रत्येक वळणावर वाटले. पण आज चष्मा नाकावर नीट दाबून धरल्यामुळे त्यांना मागच्या रविवारी न दिसलेली माणसे दिसली. खाट एक नव्हती, दोन होत्या. वर्गीस वाटीत साबण घुसळत होता. पिंपरी गावातला एक म्हातारा शेतकरी, डोक्याला पटका, आडव्या खाटेच्या कडेला बसून तंबाखू मळत होता. आणि ज्ञानदेव टेकचंदच्या गळ्याखालचा शेवटचा फेस उतरवत होता. त्याने साहेबरावांना पाहिले आणि वस्तरा हवेत तसाच राहिला. शाळा चुकवून खेळताना सापडलेल्या पोरासारखा तो उभा. चष्मा दुरुस्त करायला आलो होतो, असे ते म्हणाले. कोणी काही बोलायच्या आत टेकचंदने एक डोळा उघडला, त्यांची आठवड्याची दाढी पाहिली, आणि सगळे समजल्यासारखी मान हलवली.

"अचो साईं, वेहो," तो म्हणाला, आणि मग त्यांना कळावे म्हणून, "बसा, बसा. नंबर लागेल."

आतून कोणीतरी भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला आणून दिला. ही त्यांची रीत असावी. टेकचंद स्वतः पेला धरायला गेला तर हात इतका थरथरला की पाणी सांडले. ज्ञानदेवने तो पेला न बघताच त्याच्या हातातून घेतला आणि साहेबरावांना दिला. न बघताच. साहेबरावांना ते न बघणे टोचले. इतकी सवय होती. ते खाटेवर बसले, पापड मोडला, त्याचा आवाज नको इतका झाला. मग ज्ञानदेव वर्गीसची दाढी करू लागला आणि त्यांच्याकडे न पाहता खालच्या आवाजात म्हणाला की सर, तुमाला खोटं बोललो. साहेबराव म्हणाले, असू दे. त्यापुढचे काहीतरी त्यांना म्हणायचे होते, पण ते लोकांसमोर म्हणण्यासारखे नव्हते आणि एकट्यानेही त्यांना ते म्हणता आले नसते.

तो शेतकरी म्हातारा, भिमाजी त्याचे नाव, मध्येच आपली हकिकत सांगत होता, कोणी विचारले नव्हते तरी. त्याच्या घरी तीन पिढ्या एकाच घरातला न्हावी येत होता, सुगीला धान्याची पायली घेऊन जायचा. जमीन कंपनीत गेली, सुगी संपली, आणि न्हाव्याचा पोरगाही त्याच कंपनीत लागला, आता तो खाकी पँट घालून कंपनीच्या बससाठी उभा राहतो. "त्याला कशी हाक मारू, दाढी कर म्हनून?" भिमाजी म्हणाला. "त्यो मला टाटा करतो बसमधनं." वर्गीस फेसातून हसला, आणि ज्ञानदेवने त्यालाही दटावले. तेव्हा साहेबरावांच्या लक्षात आले की ती दटावणी टेकचंदसाठी राखलेली नव्हती. ती सगळ्यांसाठीच होती. यात खरे म्हणजे दिलासा वाटायला हवा होता.

वर्गीसची झाली. आता पुढचा नंबर भिमाजीचा होता. त्याने पटका काढायला हात वर केला आणि साहेबरावांकडे बघून परत खाली घेतला. "पाव्हणं आदी," तो म्हणाला. साहेबराव उठले ते ज्ञानदेवकडे बघत. त्यांना वाटले होते तोच करेल. पण ज्ञानदेवने वस्तरा पुसून वर्गीसच्या हातात दिला आणि स्वतः टेकचंदच्या मागे बसून त्याच्या कानातले केस कातरीने कापू लागला. वर्गीस म्हणाला, सार, मान मागे. त्याच्या हातांना खोबरेल तेलाचा वास होता. बोटे कोवळी, घट्ट. फेस कोमट होता. मान मागे गेली तसे बराकीच्या पत्र्याची कड आणि तिच्यापलीकडे कारखान्याच्या धुराची एक रेघ दिसली, आणि मग गळ्यावर पाते. साहेबरावांचे अंग आपोआप सैल झाले, पायांच्या बोटांपर्यंत. इतक्या वर्षांनी चेहरा पुन्हा हलका झाला. शरीराला फरक कळत नव्हता. ते कृतघ्नपणे वर्गीसच्या हातात विसावले होते. फक्त मन, त्या मिटल्या पापण्यांआड, कातरीचा बारीक आवाज ऐकत होते.

झाल्यावर वर्गीसने तुरटी फिरवली, पंच्याने गाल टिपले आणि वस्तरा त्यांच्यापुढे धरला. "आता तुम्ही, सार. इथं रूल आहे."

"आमच्या गावची पद्धत सांगितली म्या ह्यांना," ज्ञानदेव तिकडून जरा ओशाळून म्हणाला. "ज्याची झाली त्यानं पुढच्याची करायची. बाबाचा हात हालतो म्हणून त्याला माफ. म्या सुरू करतो, म्हणून माझी शेवटी."

"मला माहीत आहे," साहेबराव म्हणाले. आवाज धारदार निघाला. "आमच्याही गावची आहे ती."

ज्ञानदेवने वर पाहिले. त्याला हे माहीत नव्हते. दोन वर्षांच्या रविवारांत साहेबरावांनी त्याला दूरदूरच्या नगरांचे रस्ते आणि गटारे सांगितली होती, पण तो दगड सांगितला नव्हता. तो काही विचारणार होता, पण भिमाजी पटका काढून समोर बसला होता. त्याचे डोके अनपेक्षित लहान दिसत होते. साहेबरावांनी वाटी घेतली, ब्रश फिरवला. फेसाखालून भिमाजीने विचारले, "कुठलं गाव म्हनायचं आपलं?"

साहेबरावांची मान ताठ झाली. आता ते सलूनच्या खुर्चीत नव्हते, ब्रश त्यांच्याच हातात होता, तरी ताठ झाली. त्यांनी गावाचे नाव सांगितले. मग, या वेळी पुढच्या प्रश्नाची वाट न पाहता, म्हणाले, "महारवाड्यातला."

वर्गीसने ट्रान्झिस्टरचा कान पिळायचे थांबवले. मग भिमाजीने डोळे मिटले आणि मान मागे टाकली.

"मंग हात बसल्याला आसंल," तो म्हणाला. "आमच्या हितल्या वाड्यातली मान्सं लई सफाईनं करायची. लांबनं बघायचो आमी."

लांबनं. साहेबरावांनी तर्जनी आणि मधल्या बोटाने त्याच्या नाकाचा शेंडा धरला. कातडी उन्हाने राठ झालेली, खाली हाड. ज्या माणसाच्या ओसरीवर त्यांना चढता आले नसते त्याचा चेहरा त्यांच्या हातात होता, आणि तो चेहरा हलका होता, जनाकाकाचा होता तसाच. आरशासमोर थरथरणारा हात इथे थरथरत नव्हता. पाते गालावरून नीट उतरले, एक पांढरी वाट मागे ठेवून. या क्षणी दुसरे काही मनात असू नये, इतका तो मोठा होता, हे साहेबरावांना कळत होते. आणि तरीही त्यांच्या मनात हिशोब चालला होता. आपण भिमाजीची करतो आहोत. भिमाजीची झाली की उरला तो ज्ञानदेव. म्हणजे ज्ञानदेवची दाढी भिमाजी करणार. पाव्हणं आदी असे हा म्हातारा म्हणाला नसता, आपण भिडेने उठलो नसतो, एक नंबर मागे बसलो असतो, तर या बोटांत आता ज्ञानदेवचा चेहरा असता. पुढच्या रविवारी उशिरा यायचे. फार उशिरा नाही, भिमाजीच्या मागून. तिकडे ज्ञानदेवने कातर ठेवली होती आणि टेकचंदच्या कानामागचा फेस तो अंगठ्याने पुसत होता, सावकाश, जसा पुसायचा तसाच, आणि टेकचंद काहीतरी म्हणाला, आणि दोघे—

"हिकडं बघा की, राव," डोळे न उघडता भिमाजी म्हणाला. "मान माझी हाय."

साहेबरावांनी खाली पाहिले. पात्याखाली, गळ्याच्या सुरकुतीत, रक्ताचा एक टिपका आला होता. त्यांनी तो अंगठ्याने दाबून धरला, आणि थांबेपर्यंत धरून ठेवला.